मास्टर्स कुठे करायचं? आधी भिंतीचा सेक्शन काढून बघा

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. “मॅम, आर्किटेक्चरच्या मास्टर्सला तीन ठिकाणी ॲडमिशन झालंय. कुठे जाऊ?” मग तीन नावं, तीन फी आणि तिन्ही शाळांचे क्रमवारीतले आकडे. मी विचारते, “तुला पहिली इमारत कुठे उभी करायचीय?” पलीकडे शांतता. मग बहुतेक वेळा, “तसं अजून ठरवलं नाही.”

ठरवलं नसेल तर बिघडत नाही, पण हा प्रश्न बाजूला ठेवून निवड करू नये. आर्किटेक्चर हा सहीचा धंदा आहे. ड्रॉइंगवर सही कोण करू शकतो, हे तिथला कायदा ठरवतो. शिवाय आपण जे शिकतो ते त्या प्रदेशातली हवा, माती आणि साहित्य धरूनच शिकतो. क्रमवारीच्या तक्त्यात यातलं काही दिसत नाही. क्यूएस या संस्थेची विद्यापीठांची विषयवार यादी प्रामुख्यानं काय मोजते? प्राध्यापकांमधला लौकिक, नोकरी देणाऱ्यांमधला लौकिक आणि शोधनिबंधांचे संदर्भ. रात्री अकरा वाजता तुमच्या टेबलाशी येऊन तुमच्या प्लॅनवर डोकं कोण खाजवणार, याचा रकाना तिथे नाही.

हे मला आधीपासून कळत होतं असं नाही. मी स्वतः नावाला भुलले होते. हातात दोन ऑफर होत्या. एक लांबलचक, मान्यताप्राप्त, फारशी चर्चा नसलेल्या शाळेची. दुसरी एका वर्षाची, थंड देशातली, नाव घेतलं की समोरचा भुवया उंचावेल अशी. मी दुसरी घेतली. वर्ष छान गेलं, खोटं कशाला बोलू. भिंतीचा एक ते वीसचा सेक्शन, म्हणजे भिंत कापली तर आत काय दिसेल याचं खऱ्याच्या एक विसांश मापाचं ड्रॉइंग, तिथे माझ्या हातात असा बसला की झोपेतही काढता आला असता: बाहेर विटा, मग हवेची पोकळी, मग जाड इन्सुलेशन, त्याच्या आतल्या बाजूला बाष्परोधक पडदा, मग जिप्सम.

पुढे नोकरी लागली ती दमट, उष्ण किनाऱ्यावरच्या शहरात. वातानुकूलित इमारत होती. मी तोच सेक्शन काढून दिला. साइटवरचे वयस्कर सुपरवायझर कागद हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग त्यांनी तो आडवा उलटा केला आणि मागच्या बाजूनं उजेडात धरला. मला वाटलं, यांना ड्रॉइंग वाचता येत नाही. ते म्हणाले, “मॅडम, हे असं बघितलं तर बरोबर आहे.” आत आणि बाहेर यांची अदलाबदल झाली होती! आणि त्यांचंच बरोबर होतं. बाष्प जिकडे जास्त तिकडून कमी असेल तिकडे सरकतं. थंड देशात घर आतून ऊबदार आणि ओलसर, म्हणून बाष्प आतून बाहेर निघतं आणि पडदा आत लागतो. दमट उष्ण हवेत एसी लावला की तेच उलटं: बाष्प बाहेरून आत येतं, आतल्या थंड पडद्यावर आपटतं आणि भिंतीच्या पोटात पाणी होतं. मग जिप्समच्या मागे बुरशी. माझ्या शाळेनं मला चुकीचं शिकवलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या हवेचं शिकवलं होतं, आणि मी ते जगाचं समजून बसले होते.

तेव्हापासून मी ऑफर बघताना सुरुवात सहीपासून करते. एका कोऱ्या कागदावर लिहा: पदवीनंतर पाच वर्षांनी मी कुठे सही करत असेन? दोन-तीन प्रदेश लिहिलेत तरी चालतील. मग प्रत्येक ऑफरसमोर लिहा, ही पदवी तिथे मला सहीच्या किती जवळ नेते. इथेच अर्ध्याअधिक लोकांना धक्का बसतो, कारण पदव्यांची नावं फसवी आहेत.

अमेरिकेत ‘एम.आर्च.’ या एकाच पाटीखाली दोन वेगळी दुकानं आहेत. एक व्यावसायिक पदवी. ती साधारण तीन ते साडेतीन वर्षांची असते आणि पूर्वी दुसरं काही शिकलेल्यालाही घेतात. चार वर्षांची आर्किटेक्चरची पूर्व-व्यावसायिक पदवी असेल तर ती दोन वर्षांच्या आसपास आटोपते. हिला नॅबची मान्यता असते. नॅब म्हणजे १९४० साली स्थापन झालेलं, तिथल्या व्यावसायिक पदव्यांना मान्यता देणारं मंडळ. दुसरी पोस्ट-प्रोफेशनल. ती आधीच व्यावसायिक पदवी असलेल्यांसाठी असते, वर्ष-दोन वर्षांची, बऱ्याचदा जास्त मोकळी आणि जास्त मजेची. नॅब या दुसऱ्या प्रकाराला मान्यता देतच नाही. शाळा कितीही थोर असो, त्या पदवीचा परवान्यासाठी तसा उपयोग नाही. तुमच्याकडे पाच वर्षांची बाहेरची व्यावसायिक पदवी असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्यायची वेगळी वाट आहे, आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांसारखी काही राज्यं नॅबच्या पदवीऐवजी जास्तीचा अनुभवही धरतात. पण परवाना राज्य देतं, देश नाही. म्हणून ‘अमेरिका’ असं लिहून भागत नाही, राज्याचं नाव लिहावं लागतं. पदवीशिवाय नोंदवायचे ३,७४० तास अनुभवाचे आणि सहा परीक्षा आहेतच.

ब्रिटनमध्ये भाषा वेगळी: पार्ट वन, पार्ट टू, पार्ट थ्री. पहिली पदवी म्हणजे पार्ट वन, दोन वर्षांचं मास्टर्स म्हणजे पार्ट टू, आणि आजवरच्या पद्धतीत एकूण २४ महिन्यांच्या अनुभवानंतर पार्ट थ्री. गोची अशी की एका वर्षाचं एम.ए., एम.एस्सी., आणि काही ठिकाणी एका वर्षाचं एम.आर्च.सुद्धा, पार्ट टू देत नाही. एकाच शाळेच्या एकाच इमारतीत एका मजल्यावर पार्ट टूचं एम.आर्च. आणि दुसऱ्या मजल्यावर पार्ट टू नसलेलं एम.आर्च. असू शकतं. ही सगळी पायऱ्यांची रचना सध्या नोंदणी मंडळ बदलतंय, पार्ट वनचं महत्त्व कमी होत चाललंय. तेव्हा जुन्या सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. नोंदणी मंडळाच्या मान्य पदव्यांच्या यादीत तुमच्या अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, अक्षरन् अक्षर, शोधा.

युरोपीय संघात चित्र जरा सुटसुटीत आहे. २००५ च्या व्यावसायिक पात्रता निर्देशानुसार किमान पाच वर्षांचं पूर्णवेळ शिक्षण, किंवा चार वर्षांचं शिक्षण आणि दोन वर्षांची उमेदवारी, हा पाया आहे. निर्देशाच्या परिशिष्टात देशवार पदव्यांची यादी आहे, आणि त्यातली पदवी दुसऱ्या सदस्य देशात आपोआप ओळखली जाते. मात्र दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात. ही सोय मुळात संघाच्या नागरिकांसाठी आखलेली आहे. आणि पदवी मिळाली म्हणजे नोंदणी झाली असं नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून मास्टर्सनंतर दोन वर्षांचा मार्गदर्शित अनुभव लागतो. जर्मनीत प्रत्येक राज्याचं आर्किटेक्ट चेंबर वेगळं, आणि तिथेही आधी अनुभव दाखवावा लागतो.

जपान हा सगळ्यात वेगळा मामला. तिथे आर्किटेक्चर बहुतेक ठिकाणी अभियांत्रिकी शाखेत येतं. १९५० च्या कायद्यानं आलेला केन्चिकुशी हा परवाना डिझाइन आणि स्ट्रक्चर एकाच छत्राखाली घेतो. पहिल्या श्रेणीच्या परीक्षेचा दुसरा टप्पा म्हणजे साडेसहा तास हातानं ड्रॉइंग. तेही जपानीत! तिथे शिकून तिथेच सही करायची असेल तर भाषा हा छंद नाही, तो अभ्यासक्रमच आहे असं धरून चाला.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया थोडक्यात: दोन्हीकडे मान्यताप्राप्त एम.आर्च. हीच मुख्य वाट आहे. यादी बघा आणि पुढे चला.

कधीकधी कुणी म्हणतं, मला सही करायचीच नाही, मला संशोधन करायचंय किंवा कम्प्युटेशनमध्ये जायचंय. उत्तम. मग वरचं सगळं सोडा आणि पोस्ट-प्रोफेशनलच घ्या, पैसे आणि वर्ष दोन्ही वाचतील. फक्त हे मनापासून म्हणताय की परवान्याच्या कटकटीला कंटाळून, ते स्वतःला विचारा. मी कंटाळून म्हटलं होतं.

सहीचं उत्तर मिळालं की दुसरी चाळणी, आणि मला वैयक्तिक ती जास्त आवडते. प्रत्येक शाळेच्या विद्यार्थ्यांचं काम उघडा. वर्षअखेरच्या प्रदर्शनातलं पारितोषिकवालं काम नको, ते सगळीकडे चांगलंच असतं. मधलं काम बघा. दहा प्रोजेक्ट घ्या आणि प्रत्येकात भिंतीचा सेक्शन शोधा. किती जणांनी एक ते वीस किंवा एक ते पन्नासला काढलाय? त्यात काय दिसतंय? लाकूड, काँक्रीट, माती, की नुसती काळी भरलेली जाड रेघ? काळी रेघ म्हणजे वाईट शाळा असं नाही. तिथे विचार दुसऱ्या गोष्टीवर चाललाय, एवढंच. पण तुम्हाला जे शिकायचंय ते त्या रेघेच्या आत असेल, तर ती शाळा तुमची नाही.

प्रदेशाचा हात इथे सरळ दिसतो. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात २०१७ साली अठरा मजल्यांचं विद्यार्थी वसतिगृह उभं राहिलं. पाया, तळमजला आणि जिने-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे, बाकी मुख्य सांगाडा लाकडाचा. अशी इमारत रोज डोळ्यांसमोर असताना लाकडावरचं शिक्षण वेगळंच होतं. फिनलंडमध्येही तेच, आल्टो विद्यापीठात लाकडासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. मातीचं बांधकाम शिकायचं असेल तर जगात फ्रान्समधल्या ग्रेनोबलसारखी ठिकाणं मोजकीच: तिथे १९७९ पासून क्रातेर हा गट मातीवर काम करतोय आणि आर्किटेक्चरच्या शाळेत मातीचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये आर्किटेक्ट फ्राय ऑटोनं हलक्या रचनांची परंपरा रुजवली, त्याच मातीत आज रोबोटनं विणलेले मंडप उगवतात. पोर्तुगालमधल्या पोर्तोत आर्किटेक्ट अल्वारो सिझानं बांधलेल्या शाळेत अजूनही हातानं रेखाटण्याला मान आहे. भूकंपाचा विचार जपानमध्ये प्लॅनच्या पहिल्या रेघेपासून येतो, शेवटी स्ट्रक्चरवाल्याकडे पाठवायची ती बाब नसते. आणि येलमध्ये १९६७ पासून पहिल्या वर्षाचे मास्टर्सचे विद्यार्थी एक इमारत डिझाइन करून ती स्वतःच्या हातानं बांधतात. खिळा कुठे जातो हे कळायला एवढं पुरतं.

हवेबद्दल एक जोडून सांगते. थंड प्रदेशातलं शिक्षण दमट प्रदेशात वाया जातं असं अजिबात नाही. पॅसिव्ह हाउसचा, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराचा, विचार जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ साली बांधलेल्या घरांतून पुढे आला. हवाबंदपणा, औष्णिक पूल (भिंतीतून उष्णता निसटण्याच्या जागा), सावली हे हिशेब कुठेही चालतात. फक्त आकडे आणि बाणांच्या दिशा बदलतात. म्हणून शाळेला विचारायचा प्रश्न असा: तुमच्याकडे दुसऱ्या हवामानातली साइट निवडता येते का, आणि ती निवडली तर त्यावर बोलू शकणारं कुणी आहे का? पहिल्या भागाला सगळे हो म्हणतात. दुसऱ्या भागावर उत्तर लांबतं.

शिकवण्याची पद्धत प्रदेशानुसार किती बदलते, याकडे लोक आश्चर्यकारक दुर्लक्ष करतात. अमेरिकेतल्या अनेक शाळांत वरच्या सत्रांत स्टुडिओ, म्हणजे डिझाइनचा वर्ग, लॉटरीनं मिळतो. जाहिरातीत दिसणारा प्रसिद्ध माणूस तुमच्या वाट्याला येईलच याची खात्री नाही. तो आला तरी आठवड्यातून किती दिवस विमानतळावर असेल, तेही विचारा. ब्रिटनमध्ये, विशेषतः १८४७ साली सुरू झालेल्या लंडनच्या एए (आर्किटेक्चरल असोसिएशन) या शाळेत, युनिट पद्धत चालते: वर्षभर एकच युनिट, तेच शिक्षक, तोच विषय. युनिट जमलं तर वर्ष सोन्याचं. नाही जमलं तर सप्टेंबरपासून जूनपर्यंत त्याच खोलीत बसायचं. युरोपातल्या मोठ्या तांत्रिक विद्यापीठांत व्याख्यानं, परीक्षा आणि क्रेडिट जास्त, वर्षाला ६०, आणि शिस्त आपली आपण लावायची. जपानमध्ये तर शाळा निवडायचीच नसते, प्राध्यापक निवडायचा. मास्टर्सची दोन वर्षं म्हणजे त्यांच्या केन्क्यूशित्सुची, प्रयोगशाळेची, दोन वर्षं. आधी त्यांना पत्र लिहा, प्रवेशपरीक्षा नंतर.

यातलं काय झेपेल हे तुमच्या स्वभावावर आहे. माझी एक ज्युनियर सतत कुणीतरी टेबलाशी हवं अशी. ती युरोपातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात गेली आणि पहिले चार महिने तिला वाटत राहिलं की आपल्याला कुणी विचारतच नाही. तिथे तसंच असतं. तुम्ही जाऊन दार वाजवायचं. ते कळल्यावर तिचं बस्तान बसलं, पण चार महिने गेलेच.

टेबलाचंही विचारा, हसू नका. स्वतःचं कायमचं टेबल मिळतं की नाही, याचा कामावर फार परिणाम होतो. हार्वर्डच्या गुंड हॉलमध्ये एका उतरत्या छताखाली स्टुडिओ पायऱ्यांसारखे रचलेत. वरून खाली सगळ्यांचं काम दिसतं, आणि सगळ्यांना तुमचं. शिकागोतल्या, आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहनं बांधलेल्या क्राउन हॉलमध्ये मुख्य मजला म्हणजे एकच मोठी खोली. अशा ठिकाणी निम्मं शिक्षण शेजाऱ्याच्या मॉडेलवरून होतं. काही विद्यापीठांत मात्र टेबल रोज शोधावं लागतं आणि मॉडेल घरी न्यावं लागतं.

मग तिथल्या चालू विद्यार्थ्यांशी बोला. प्रवेश विभागानं जोडून दिलेले गोड बोलतात, म्हणून प्रदर्शनाच्या पानावरून दोन नावं स्वतः शोधा. “कसं आहे?” असं विचारू नका, “छान आहे” असंच उत्तर येतं. मी हे विचारायला लावते: गेल्या ज्युरीनंतर तू काय बदललंस? एकानं दोन ओळींत कळवलं की काहीच नाही, ज्युरी फक्त गुण देते. दुसरीनं फोटो पाठवला: तिच्या प्लास्टरच्या मॉडेलला शिक्षकानं तिच्यासमोर करवतीनं खिडकी पाडली होती आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘उत्तर?’ म्हणजे उजेड उत्तरेकडून घेऊन बघ. मी ज्याला विचारायला लावलं होतं, त्या मुलानं तो फोटो बघून तिथेच ठरवलं. दुसरा प्रश्न: तुमच्या वर्गातले किती जण याच प्रदेशात कामाला लागले, आणि कोणत्या भाषेत? शाळा इंग्रजीत शिकवते, पण परवानगीची ड्रॉइंग, महापालिकेची पत्रं आणि साइटवरचं भांडण इंग्रजीत नसतं. ते तिथल्या भाषेत करावं लागतं, आणि भांडता येईल इतकी भाषा यायला दोन वर्षं कमी पडतात.

पैशाबद्दल एवढंच: फी गुणिले वर्षं असा हिशेब करू नका. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तुमच्या आधीच्या पदवीमुळे एखादं सत्र माफ होणार असेल तर ते लेखी घ्या, तोंडी “बहुधा होईल” याला किंमत नाही. शिक्षणानंतर काम करायला व्हिसा किती महिने मिळतो तो आकडा शेजारी लिहा. हे नियम फार लवकर बदलतात, म्हणून तारीखही लिहा. प्रिंट आणि मॉडेलचं साहित्य वेगळं धरा, ते नेहमी अंदाजाच्या पुढे जातं.

आणि मुदती. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला ठराव असा की आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची जबरदस्ती करायची नाही. बाकी जगाला या ठरावाशी देणंघेणं नाही. अनामत भरायची मुदत इतरत्र मार्चमध्येही संपते, आणि नेमकी तीच शाळा मनात दुसऱ्या क्रमांकावर असते. अशा वेळी घाबरून पैसे भरू नका, मुदतवाढ मागा. चार ओळींचा ईमेल पुरतो: ऑफरबद्दल आभार, एका ठिकाणचं मान्यतेबद्दलचं लेखी उत्तर यायचंय, अमुक तारखेपर्यंत निर्णय कळवते, तोपर्यंत जागा ठेवता येईल का. यात रडगाणं नको आणि दुसऱ्या शाळेचं नावही नको. गेल्या वर्षी एका मुलाला अशा ईमेलवर नऊ दिवस मिळाले. सातव्या दिवशी त्याच्या लाडक्या शाळेचं उत्तर आलं की ही पदवी मान्यताप्राप्त नाही, आणि त्यानं अनामत भरली ती तिसऱ्याच ठिकाणी.